सतरावं पान

अमळनेर, १४ नोव्हेंबर २०२४

चि. सुनिता,

योगेंद्र गेल्यावर तू ऋतिकाला घेऊन धुळ्याला जाताना म्हणालीस, नाना, तोंडाने सांगता येत नसेल तर लिहून सांगा. त्याला नऊ महिने झाले. फोन तू उचलत नाहीस ते ठीक आहे. उचलला असतास तरी मी थंडी किती पडली तेवढंच बोललो असतो.

तू काय मागितलं आहेस ते माझ्या लक्षात आहे. लग्नाकार्यात बाया ऋतिकाला जवळ घेतात आणि सांगतात, तुझी आई माहेरी जाऊन बसली म्हणून तुझा बाप गेला. यावर मला जे माहीत आहे ते मी माझ्या नातीला सांगावं, एवढंच तुझं म्हणणं. ते मी लिहीन. आधी दुसरं सांगतो.

गल्लीत पोरांसाठी वाचनालय काढतो आहे. एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं मांडली, तेवढंच काम येतं. शाळा सुटल्यावर पोरं झुलाल आबांच्या ओट्यावर बसतात. एक मोबाइल आणि त्यावर पाच डोकी. जुलैपासून मी घरोघर जाऊन पुस्तकं मागत होतो. कोणी नाही म्हटलं नाही. चांगलं काम शे, नाना, म्हणायचे आणि चहा पाजायचे. चार महिन्यांत नऊ पुस्तकं आली.

जानेवारीत योगेंद्रचं वर्षश्राद्ध. आपल्याकडे वर्षश्राद्धाला भाऊबंदकीत घरटी एक भांडं वाटतात, गेलेल्याचं नाव कोरलेलं. तुला माहीतच आहे. बैठकीत मी म्हणालो, यंदा भांडं नको. मी वाटणार नाही, तुम्हीच प्रत्येक घरातून पुस्तकं आणा, माझ्या योगेंद्रच्या नावाने. पोरांचं वाचनालय होईल.

भाऊबंदकीत थोरले म्हणून आबाच आधी म्हणाले, "तोताराम, आते तू बरोबर बोलना. भांडा ठेवाले जागा कोनकडे शे?"

तानुअक्का पलीकडून म्हणाली, "मनाकडे बारा गंज शेतस. मरेल मानसेस्ना नावं घासत बसस मी."

सगळे हसले. तासाभरात कपाट, सतरंज्या, पंखा, सगळं ठरलं. चार महिने जिवंत पोरांसाठी मागत होतो, तेव्हा हे झालं नव्हतं.

जागा म्हणून पुढची खोली द्यावी लागली. तुमची खोली. तुझी शिलाई मशीन मागच्या पत्र्याखाली झाकून ठेवली आहे. पलंग अक्काकडे दिला. पोरांना पुढच्याच दारातून येता येतं, म्हणून.

नाना


अमळनेर, ६ डिसेंबर २०२४

चि. सुनिता,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. ऋतिकाला पुस्तकं आवडतात. त्यांचं नाव त्या खोलीवर असेल तर ती येणार नाही. योगेंद्रबद्दल तू अजून 'त्यांचं' असंच लिहितेस.

पाटी मी स्वतः रंगवून घेतली. 'बालवाचनालय' आणि खाली गल्लीचं नाव. बाकी काही नाही. पेंटरकडे मी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा आले, मोबाइलवर दुसरी पाटी घेऊन. तिच्यावर योगेंद्रचा लग्नातला फोटो होता, फेटा बांधलेला, आणि भोवती हार. बायपासपर्यंत दिसेल एवढी मोठी करू म्हणाले.

मी म्हणालो, आबा, फोटो समोर असला की मला त्रास होतो. हे खोटं नव्हतं. कारण मात्र ते नव्हतं. आबांनी माझा हात धरला आणि रडले. "ऱ्हाऊ दे, तोताराम. तुना जीव जास." मग तो विषय कोणी काढला नाही.

पुस्तकं येताहेत. दहावीचे प्रश्नसंच आले, ट्रॅक्टरचं माहितीपुस्तक आलं, एका घरातून २००९ सालची टेलिफोन डिरेक्टरी. परत करता येत नाही, नावाने दिलेली असतात. पण पोरांचीही आहेत. धुळ्याला शिकणाऱ्या हेमांगीने एक पिशवी भरून चित्रांची पुस्तकं आणली. कपाट आबांनी दिलं, काचेचं, कुलपासह. सांगताना म्हणाले, "कुलूप लावू नको. पोरे घाबरतस."

आबा वाईट नाहीत, सुनिता. हे वाचणं तुला जड जाईल, तरी लिहितो. तुझ्या सासूच्या आजारपणात तीन आठवडे ते दवाखान्याच्या फरशीवर झोपले.

पाटीवर नाव नाही. हा माझा शब्द.

नाना


अमळनेर, ९ जानेवारी २०२५

चि. सुनिता,

एकोणीस तारखेला रविवार आहे. वर्षश्राद्ध अठराला उरकेल. उद्घाटन दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. तू ऋतिकाला पाठवायला तयार आहेस हे वाचून मी चिठ्ठी पुन्हा घडी घालून खिशात ठेवली. दिवसभर तिथेच होती.

तू म्हणतेस तसंच करू. तू तिला स्टँडवर आणून सोड, मी घ्यायला येईन, सहाच्या धुळे गाडीच्या आधी परत आणून देईन. तू घरापर्यंत यावंस असं मी म्हणणार नाही. आलीस तर दार उघडं आहे.

पुस्तकं चारशे बारा झाली. त्यातली अडीचशे पोरांनी हातात घ्यावीत अशी आहेत. नंबर टाकून झाले. शिक्के मारून झाले. पहिल्या पानावर, सतराव्या पानावर आणि शेवटच्या. कॉलेजची सवय. पुस्तक चोरलं आणि पहिलं पान फाडलं तरी सतराव्यावरून ओळखू येतं. चार दिवस मारत होतो, मनगट सुजलं आहे.

भाषणं होणार नाहीत. आबा दोन शब्द बोलतील. रिबीन ऋतिका आणि आबांची नात पुनम, दोघी मिळून कापतील. पुनम अकरा वर्षांची आहे. दिसेल ते मोठ्याने वाचते, अगदी साबणाच्या वेष्टनावरचंसुद्धा.

तू मागितलेलं लिहायचं राहिलंच. एवढं पार पडू दे.

नाना


अमळनेर, २२ जानेवारी २०२५

चि. सुनिता,

ऋतिकाने तुला काय सांगितलं मला माहीत नाही. माझ्याकडून जसं झालं तसं सांगतो.

सत्तरेक माणसं होती. खुर्च्या गल्लीत मांडल्या होत्या. पोरींनी रिबीन कापली, टाळ्या झाल्या. ऋतिका आत पळाली आणि लगेच बाहेर आली, कारण आबांनी माइक हातात घेतला होता आणि सगळी पोरं समोर बसवली होती.

माइकवर आबा पुस्तकी मराठी बोलतात. म्हणाले, योगेंद्र आमचा वाघ होता. बापाच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. पण घरची लक्ष्मीच रुसून माहेरी जाऊन बसली तर वाघ असला म्हणून काय करील? एकट्या माणसाला रस्ता दिसत नाही. धरणगाव रस्त्यावर गाडीचा अपघात झाला तो झाला. त्याच्या नावाचा हा दिवा आता आपल्याला विझू द्यायचा नाही.

बाया डोळे पुसत होत्या.

ऋतिका आबांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी आबांच्या शेजारी उभा होतो. माइक माझ्यापासून एक हात अंतरावर होता. आबांनी तो माझ्यापुढे केलासुद्धा, "तू बी दोन शब्द बोल."

मी बुंदीचा डबा उचलला आणि वाटायला लागलो.

अजून एक आहे. ती आत गेली आणि तिने एक पुस्तक उघडलं. मग दुसरं. मग तिसरं. मला म्हणाली, "नाना, सगळ्यात पप्पांचंच नाव आहे."

शिक्का असा आहे. कै. योगेंद्र तोताराम बोरसे यांच्या स्मरणार्थ. प्रत्येक पुस्तकात तीन वेळा. लोकांनी पुस्तकं त्या नावासाठी दिली, ते नाव नसतं तर दिली नसती. ते येऊन बघतात. अक्काला वाचता येत नाही, तरी तिने पुनमला बोट ठेवून तीनदा वाचायला लावलं. मी तुला शब्द पाटीपुरता दिला होता. देताना मला ते ठाऊक होतं.

तरी ऋतिकाने एक पुस्तक घेतलं. कासवाच्या गोष्टीचं, पातळ. देवघेवीच्या वहीत पहिलं नाव तिचं आहे.

स्टँडवर तू तिला काहीतरी विचारलंस आणि तिने मान हलवली. मी रसवंतीजवळ उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस ते बरं झालं.

नाना


अमळनेर, १६ फेब्रुवारी २०२५

चि. सुनिता,

पत्राला उत्तर नाही. यावं अशी अपेक्षाही नाही. लिहितो आहे कारण सवय लागली.

वाचनालय चांगलं चालतं. हे लिहिताना बरं वाटायला हवं. रोज तीस-पस्तीस पोरं येतात. मोबाइल घेऊन ओट्यावर बसणारी आता आत पालथी पडून वाचतात. पेपरात चार ओळी आल्या. पलीकडच्या गल्लीतले लोक विचारून गेले, आमच्याकडेही असंच करायचं आहे, आमचाही एक तरुण मुलगा मागच्या वर्षी गेला. काय सांगणार? काढा म्हणालो.

एके दुपारी मी ब्लेडने एक शिक्का खरवडून पाहिला. कागदाला भोक पडलं. मग पांढऱ्या चिठ्ठ्या कापून शिक्क्यांवर चिकटवल्या. वीस पुस्तकं झाली होती. दुसऱ्या दिवशी अक्का आली. "हाई कोनी चिकटाडं? पोरे बी काय शेतस, मरेल मानूसनं नाव झाकतस." जमिनीवर बसली, थुंकी लावून लावून वीसच्या वीस सोडवल्या. दोन तास लागले तिला. जाताना माझ्यासाठी कळण्याची भाकरी ठेवून गेली.

तिने आबांना सांगितलं असावं. आबा नवा शिक्का घेऊन आले, आपोआप शाई लागणारा. जुना फिका उठतो म्हणाले. पुनमला बसवून जिथे कुठे फिकं वाटलं तिथे त्यांनी पुन्हा मारून घेतला.

परवा मी धुळ्याला आलो होतो. तू नोकरी करतेस त्या दवाखान्याच्या फाटकाशी वॉचमनने विचारलं, बाबा, कोणाला भेटायचंय? मी म्हणालो, चुकून आलो. देवपुरातून चालत स्टँडवर गेलो आणि परतलो.

आबांशी बोलायचं मी तीनदा ठरवलं. प्रत्येक वेळी ते आधीच काहीतरी माझ्यासाठी करत असतात. काल पंख्याला तेल घालत होते, शिडीवर चढून, त्या वयात. शिडी मी धरली होती.

नाना


अमळनेर, ११ मार्च २०२५

चि. सुनिता,

कासवाचं पुस्तक टपालाने आलं. पाकिटावर अक्षर तुझं आहे. आत पत्र नाही. मी पानं उलटून पाहिली, फाटलं वगैरे आहे का बघायला. ती सवय आहे.

सतराव्या पानावर, शिक्क्याच्या खाली, पेन्सिलीने लिहिलेलं आहे.

नाना, आबा बोलले ते खरं आहे का?

पेन्सिल इतकी दाबून धरली आहे की मागच्या बाजूला अक्षरं उमटली आहेत. तू हे पाहिलं आहेस की नाही मला कळत नाही. पाहिलं असावंस. पाहूनच पाठवलं असावंस.

दोन दिवस पुस्तक उशाशी होतं. तिसऱ्या दिवशी मी पेनाने खाली लिहिलं. नाही. तुझी आई मार खाऊन माहेरी गेली होती. मला माहीत होतं. नाना. जागा तेवढीच होती. पुढे कासवाचं चित्र सुरू होतं.

सोमवारी पोस्टात टाकून तुम्हाला परत पाठवायचं ठरवलं होतं. टेबलावर ठेवलं होतं. पुनम आली, चाळायला लागली, म्हणाली, "नाना, हाई घरी लई जाऊ?"

वही माझ्यापुढे उघडीच होती. ते पुस्तक द्यायचं नाही असं म्हणता आलं असतं. पोरांना मी रोज चार वेळा नाही म्हणतो. मी नंबर लिहिला, तारीख लिहिली. तिने सही केली.

मी ते दिलं असं नाही. मी अडवलं नाही.

आबांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. पुनम त्यांना संध्याकाळी सगळं वाचून दाखवते, पेपर, पुस्तकं, काहीही. एकही ओळ गाळत नाही. पाच दिवस झाले. आबा रोज सकाळी फाटकासमोरून जातात, हात वर करतात. मीही करतो. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. मला दिसत नसेल.

बैठकीत, सत्तर माणसांत, मला जे सांगता आलं नाही ते अकरा वर्षांच्या पोरीच्या तोंडून जाऊ देतो आहे. हे तुझ्यापासून लपवत नाही.

नाना


अमळनेर, २९ मार्च २०२५

चि. सुनिता,

पुस्तक परत आलं. आबा स्वतः घेऊन आले. पोरं अजून शाळेतून यायची होती.

खुर्चीवर बसले. पाणी मागितलं, प्यायले. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "एक पान फाटी गयं. पोरे काय ऐकतस का?"

मी उघडलं. सोळानंतर एकदम एकोणीस. फाटलेलं नव्हतं. शिवणीपाशी सरळ रेषेत कापलेलं होतं.

आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. म्हणाले, "एक पान गयं ते गयं, तोताराम. वाचनालय चालाले पाहिजे. तुना पोऱ्यानं नाव शे त्याले."

त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. त्यांचा आवाज नेहमीसारखा मायेचा होता, आणि त्यात सोंग नव्हतं. ते मला वाचवत होते.

मी म्हणालो, "हो, आबा. पोरं ऐकत नाहीत."

वहीत नोंद केली. पान सतरा-अठरा नाही.

त्या दिवसापासून पुनम येत नाही. तिला आता शिकवणी लावली आहे म्हणे. बाकीची पोरं ते पुस्तक नेतात आणि विचारतात, नाना, कासव विहिरीत पडतं आणि मग एकदम नदीत कसं? मधे काय होतं? मला ते आठवत नाही. मी पोरागणिक काहीतरी वेगळं सांगतो. कालपासून ती एकमेकांत भांडताहेत.

आता पुन्हा पुस्तकात लिहिणार नाही. चारशे बारा पुस्तकं आहेत, आणि ती सगळी भाऊबंदांनी दिलेली आहेत. हा माझा कागद आहे. खालचं ऋतिकासाठी आहे. आज दे, ती मोठी झाल्यावर दे, किंवा देऊ नकोस. ते तुझ्यावर.

नाना


चि. ऋतिका,

तू पुस्तकात विचारलं होतंस. उत्तर तिथेच लिहिलं होतं, ते पान आता राहिलं नाही, म्हणून पुन्हा लिहितो. इथे जागा जास्त आहे.

आबा बोलले ते खरं नाही.

तुझी आई रुसून गेली नव्हती. तिचा डावा हात मोडला होता. फैजपूरला तिच्या आईकडे जाऊन तिने तो बांधून घेतला, कारण अमळनेरला डॉक्टरने विचारलं असतं आणि ते गल्लीत कळलं असतं. तुला सांगितलं होतं की ती मोरीत घसरली. ती घसरली नव्हती. तुझ्या पप्पांनी मोडला. तो पहिला प्रसंग नव्हता. ती गेल्यावर नवव्या दिवशी पप्पा दारू पिऊन गाडी चालवत होते. तिचा त्यात काही संबंध नाही.

पप्पा तुझ्यावर माया करत. तेही खरं आहे. ते याने खोटं होत नाही, आणि हे त्याने.

तुला कदाचित आठवत असेल. संध्याकाळी आपण दोघं मधल्या खोलीत टीव्ही बघत बसायचो. तू माझ्या मांडीला टेकून बसायचीस. पुढच्या खोलीत सुरू झालं की मी आवाज वाढवायचो. पुन्हा वाढवायचो. तू कानांवर हात ठेवायचीस आणि विचारायचीस, नाना, एवढा मोठा कशाला? मी सांगायचो, बेटा, मी म्हातारा झालो, मला कमी ऐकू येतं.

मला कमी ऐकू येत नाही. तेव्हाही कमी ऐकू येत नव्हतं.

नाना